साडेसहा हजारांचं शिबिर आणि लोणंदची वाट

पोस्ट जरा लांब आहे, पण आपल्याच कुंडलच्या माणसाची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मागच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस लागला. गळ आणि कूज झाली, निम्मे घड गेले. सोसायटीचं कर्ज होतंच, वर औषधवाल्याची उधारी. रात्री दोनला जाग यायची, मग मोबाईलवर हवामान बघत बसायचो. घरात कुणी काही विचारलं की अंगावर जायचो. माझी गाडी वाजली की पोरगी आतल्या खोलीत पळायची. लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

अशात मोबाईलवर एका लाइफ कोचची जाहिरात आली. दोन दिवस डोंगरात राहायचं, ताण गायब, नवं आयुष्य. फी साडेसहा हजार. गेलो. धुकं होतं, जेवण चांगलं होतं. डोळे मिटून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, ते आजही उपयोगी पडतं, खोटं कशाला बोलू? पण मी विचारलं, "सर, सोसायटीच्या हप्त्याचं काय करू?" तर म्हणाले, "ही निगेटिव्ह एनर्जी आहे, ती आधी सोडा." निघताना पुढच्या कोर्सचा फॉर्म हातात दिला. त्याची फी वीस हजार. फॉर्म घडी करून खिशात घातला आणि एसटी धरली.

लाइफ कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडं कुठला सरकारी परवाना लागत नाही. काहीजण मनापासून काम करतातही. पण पैसे भरण्याआधी समोरच्याचं शिक्षण काय, एवढं तरी विचारा. मी विचारलं नव्हतं.

यंदा आषाढात आई म्हणाली, "माझं गुडघं गेल्यात. माझ्या वाटचं तू चालून ये." लोणंदला माउलींच्या पालखीत दिंडीला गाठलं. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघितलं आणि फलटण गाठेपर्यंत दोन्ही पायांना फोड आले. दिंडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी फोडात सुईदोरा घालून पाणी काढलं. मान वर न करता म्हणाले, "माउली, रातच्याला झोप न्हाई व्हय? तंबूत सारखं कूस बदलतायसा."

वर्षभरात हे कुणी विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं, बाग, कर्ज, पोरगी. बाबांनी उपदेश केला नाही. एवढंच म्हणाले, "माझंबी असंच हुतं. पोरानं सिव्हिलला नेलं, डाक्तरनं गोळ्या दिल्या, बोलायला लावलं. बरा झालो."

मी म्हटलं, "आणि विठ्ठल?"

"त्योच म्हणला असंल, जा म्हणून."

माळशिरस, वेळापूर करत वाखरीला पोचलो तेव्हा कर्ज होतं तेवढंच होतं. पण ते एकट्याच्या डोक्यावर आहे असं वाटत नव्हतं. परत आल्यावर १४४१६ ला फोन केला. ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. त्यांनी डॉक्टरांकडं जायला सांगितलं, गेलो. सोसायटीत जाऊन हप्त्यांचंही बोललो. आता झोप लागते. परवा पोरगी स्वतःहून गाडीवर पुढं बसली.

मंडळी, आपलं गाव प्रतिसरकारचं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू यांचं. ७ जून १९४३ ला शेणोलीला इंग्रजांची पगाराची गाडी तुफान सेनेनं अडवली, ती काय एकट्यादुकट्यानं नाही. त्या काळात माणसाचं भांडण, सावकाराचा जाच हा गावाचा प्रश्न मानून न्यायमंडळं बसायची. त्याच गावात आज द्राक्षवाला आपल्या बागेत एकटा, भरतीची तयारी करणारा पोरगा पहाटे रस्त्यावर एकटा आणि सासरी आलेली पोर चुलीपुढं एकटी. हे आपल्याला शोभतं का?

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक मागणी मांडणार आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्यातले समुपदेशक किंवा डॉक्टर महिन्यातून एक दिवस आपल्या गावात बसावेत, आणि १४४१६ हा नंबर शाळा, सोसायटी, दूध डेअरी, तालीम सगळीकडं ठळक लिहावा. रंगाचा खर्च माझा. हात वर करायला तेवढे या.

आणि दर रविवारी सकाळी सहाला झरी पार्श्वनाथाच्या डोंगराकडं चालायला निघतोय. फी नाही, भाषण नाही. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, नसेल तर नुसतं चालावं.

पटलं तर पोस्ट पुढं पाठवा. नाही पटलं तरी आज शेजारच्याला एकदा विचारा, "झोप लागते का रं?"