ऋण, धन आणि पक्षांतर

बीजगणिताला भिऊन आर्ट्सला गेलेली माणसं सरकारी खात्यांत टेबलागणिक सापडतील. मीही त्यातलाच. दहावीनंतर गणिताशी जी सोडचिठ्ठी झाली, ती वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत टिकली. मग दूरशिक्षणाने अर्थशास्त्रात एम.ए. करायचं मनात आलं. बढतीशी त्याचा काही संबंध नाही. रोज लाखालाखांची बिलं पुढे सरकवताना हा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे एकदा कळावं एवढीच इच्छा. फी भरली, पुस्तकं आली, आणि सक्तीच्या एका पेपरात एक्स आणि वाय रांगेने उभे! मागणी आणि पुरवठा कुठे जुळतात ते काढायचं तर दोन समीकरणं सोडवता यायला हवीत. हा पेपर निघाला नाही तर एम.ए. विसरायचं.

माझ्या वयाच्या गोवेकरांना पुढचं सांगायला नको. चौथीपर्यंत गावची सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी हायस्कूल. पाढे आणि तोंडी हिशेब मराठीत शिकलो, ते आजही पक्के आहेत. बीजगणित मात्र इंग्रजीतून आलं. 'लेट एक्स बी' या तीन शब्दांत कोण कोणाला काय करू देतंय, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. वर्गात पाठांतर चालायचं, "मायनस इंटू मायनस प्लस". का? तर तसा नियम आहे म्हणून. आपल्या डोक्यातच काहीतरी कमी आहे, असं तेव्हा जे वाटलं ते तीस वर्षं वाटत राहिलं. हे वाटणं गणितापेक्षा जड असतं बरं का. माणूस कॉलेज, नोकरी, सगळं त्या हिशेबाने निवडतो.

आमच्या वाड्यावरची एक मुलगी गणितात एम.एस्सी. झालेली. रविवारी सकाळी शिकवायला ती तयार झाली. वयाने माझ्या जवळजवळ निम्मी. ती मला भाई म्हणते, मी तिला टीचर म्हणतो. पहिल्याच दिवशी तिने पुस्तक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "भाई, तुम्ही ऑफिसात रिकव्हरी कापता ना?"

कापतो की! कोणाला चुकून जादा भत्ता गेला तर दरमहा पाचशे वसूल करायचे. म्हणजे पगारात उणे पाचशे.

"मग वरून आदेश आला की तीन हप्ते रद्द. रद्द म्हणजे उणे तीन. त्या माणसाच्या हातात काय पडलं?"

पंधराशे जास्त पडले. उणे तीन गुणिले उणे पाचशे, अधिक पंधराशे. असे आदेश मी स्वतःच्या हाताने किती टाइप केलेत याची गणती नाही. मी काही वेळ नुसता वहीकडे बघत बसलो.

मराठीत या संख्यांची नावंच मुळी धन आणि ऋण. ऋण म्हणजे कर्ज, हे शेंबडं पोरही सांगेल. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त हे नियम लिहिले ते याच शब्दांत. दोन ऋणांचा गुणाकार धन. 'मायनस' या शब्दात कर्जही नाही आणि कर्जमाफीही नाही.

दुसरा अडथळा, पक्ष बदलला की चिन्ह बदलतं. समीकरणाच्या दोन बाजूंना आपल्याकडे पक्ष म्हणतात. आता हा नियम गोव्याच्या माणसाला वेगळा शिकवायला नको! २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार आणि २०२२ मध्ये आठ आमदार बरोबरच्या चिन्हावरून उडी मारून पलीकडे गेले. पण टीचरला हा विनोद पसंत पडला नाही. ती म्हणाली, गणितात कोणी उडी मारत नाही. क्ष उणे ४ बरोबर १० असेल तर दोन्ही पक्षांत ४ मिळवायचे. डावीकडे तुटलेला क्ष पुन्हा अख्खा होतो आणि उजवीकडे १४ होतात. बस्स.

'अख्खा होतो' हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने या क्रियेला 'अल्-जब्र' म्हटलं, म्हणजे तुटलेलं जोडणं. अल्जिब्रा हा शब्द तिथला. पोर्तुगीजमध्ये 'आल्जेब्रिश्ता'चा एक जुना अर्थ हाडं बसवणारा असा आहे. चारशे एकावन्न वर्षं पोर्तुगीज इथे होते, पण बीजगणित म्हणजे हाडवैद्यकी हे मला आत्ता कळलं.

भास्कराचार्यांची गंमत आणखी वेगळी. त्यांच्या 'बीजगणिता'त अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. एकाहून जास्त अज्ञातं आली की पुढची नावं रंगांची: कालक, नीलक, पीतक, लोहितक. माझ्या मागणी-पुरवठ्यात मी आता किमतीला यावत्तावत् आणि नगांना कालक म्हणतो. उत्तरपत्रिकेत एक्स-वाय लिहावं लागेल, पण कच्च्या कामाला कोण विचारतो?

याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळ पाटण इथे मठ काढला. तिथला १२०७ चा शिलालेख अभ्यासकांपुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ साली. भाऊ दाजी जन्माने पेडण्यातल्या मांद्र्याचे. मुंबईत त्यांच्या नावाचं म्युझियम आहे. आमच्या हायस्कुलात त्यांचं नाव कधी ऐकलं नाही. असो.

सध्या वर्गसमीकरणं चालू आहेत. श्रीधराचार्यांची युक्ती बसली आहे. वर्गाचा जो सहगुणक, त्याच्या चौपटीने दोन्ही पक्षांना गुणायचं, म्हणजे अपूर्णांकांची कटकट येत नाही. पण गेल्या रविवारी एका उदाहरणात वर्गमुळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या आली. कर्जाचं वर्गमूळ! भास्कराचार्यांनी सरळ सांगून टाकलंय की ऋणाला मूळ नाही, कारण ते कोणाचा वर्गच नाही. मला ते पटलं, मी वही मिटायला घेतली. टीचर हसून म्हणाली, "भाई, मूळ आहे. पण तुमच्या पेपरला नाही."

पुढच्या रविवारी ते तिच्याकडून काढून घेणार आहे.