पाण्यातले जोडे

पलंगावर बॅग उघडी पडली होती आणि तिच्या दोन बाजूंना आम्ही दोघे उभे होतो. बाकीचे सामान केव्हाच भरून झाले होते. औषधांचा डबा, चष्म्याची जादा जोडी, बेसनाचे लाडू, सारे आपापल्या जागी बसले होते. प्रश्न उरला होता तो फक्त एका जोड्याचा.

२०१९ च्या जानेवारीतली ही गोष्ट. कोचीहून बोटीने निघायचे, लक्षद्वीपची तीन बेटे पाहायची आणि पाचव्या दिवशी परत कोचीला यायचे, अशी सहल होती. रात्री बोट चालायची, दिवसा आम्ही बेटावर उतरायचे. भूगोलाचा मास्तर म्हणून मी तीस वर्षे फळ्यावर खडूने प्रवाळद्वीप काढले. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू समुद्रात खचतो, त्याच्या कडेने प्रवाळ मात्र वर वर वाढत राहते आणि शेवटी डोंगर बुडून नुसते कंकण उरते, हा डार्विनने १८४२ साली मांडलेला विचार पोरांना समजावून सांगितला. कंकणाच्या पोटातल्या उथळ पाण्याला ‘खारकच्छ’ म्हणतात, हे त्यांच्याकडून पाठ करून घेतले. पण स्वतः खारकच्छात पाय बुडवण्याचा योग निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी आला. अशा मंगल प्रसंगी माणसाने जोड्यावरून वाद घालावा काय? पण घातला खरा.

जोडे सूनबाईने पुण्याहून पाठवले होते. तळाला जाड रबर, वर निळे जाळीदार कापड. वजन म्हणाल तर चार पापडांइतके. पाण्यात चालताना घालायचे म्हणे.

“पाणी आत येतं का?” मी विचारले.

“येतं, आणि जाळीतून निघूनही जातं,” सौ. म्हणाली.

“मग जोडा घालून उपयोग काय?”

“अहो, पाणी नाही, काटे अडवायचेत.”

हा युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून मी विषय बदलला आणि कोकणावर आलो. वादात हरू लागलो की मी नेहमी कोकणावर येतो.

आमच्या लहानपणी मुंबईहून येणारी बोट मालवणला किनाऱ्यापासून दूर उभी राही. तिथून पडावात उतरायचे, आणि पडाव पुळणीजवळ आला की गुडघाभर पाण्यात उडी टाकायची. त्या वेळी प्रत्येक उतारू आधी एकच गोष्ट करी. वहाणा काढून हातात घेई. समुद्रात वहाणा हातात असायच्या, असा माझ्या जन्मभूमीचा रिवाज! आमचे तात्या तर वहाणा घालीत ते लग्नाला आणि कोर्टाला. बाकी सारा जन्म अनवाणी गेला. भेगांत कोकमतेल भरायचे आणि चालू लागायचे. कालवांनी भरलेल्या खडकांवरून, जिथे कवचांच्या धारा वस्तऱ्यासारख्या असतात, ते काळोखातही बिनधास्त जात. मी मागून कंदील धरून धडपडत असे. “पायांक डोळे असतत रे,” ते म्हणत. ओहोटी किती उतरली, पुढे वाळू आहे की चिखल, हे त्यांना तळव्यानेच कळे.

“मी त्यांचा मुलगा आहे,” मी सौभाग्यवतीला सुनावले, आणि जोडे बॅगेतून काढून खुर्चीवर ठेवले.

आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो होतो. मधुमेह जुना, पण पाय अलीकडे कापसावर पडल्यासारखे वाटत. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. ते नायलॉनचा एक धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवणार होते. स्पर्श कळला की मी ‘हो’ म्हणायचे. मी परीक्षेला बसलेल्या मुलासारखा डोळे गच्च मिटून वाट पाहत राहिलो. सुरुवातीला एकदोनदा ‘हो’ म्हणालो. नंतर बराच वेळ झाला, तरी डॉक्टर धागा टेकवीनात. शेवटी मी डोळे उघडले, तेव्हा ते धागा डबीत ठेवीत होते. परीक्षा संपली होती.

साखरेने पायांच्या नसा दुबळ्या होतात, त्यांनी समजावले. खिळा रुतला, चटका बसला, तरी पत्ता लागत नाही. जखम चिघळली की मग कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. घरातसुद्धा अनवाणी फिरायचे नाही. रोज रात्री आरशात तळवे पाहायचे. मी मान डोलावली आणि घरी येऊन सांगितले, “सगळं ठीक आहे.”

पुढे दिवाळीच्या साफसफाईत भिंतीतली एक चूक निघून फरशीवर पडली. संध्याकाळी सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली, ती फरशीवरचे लाल ठिपके पाहत पाहत. ठिपक्यांच्या मागोमाग ती थेट माझ्या आरामखुर्चीपर्यंत पोचली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तिने माझा पाय उचलून ती चूक ओढून काढली. तिच्या हातात ती दिसली, तेव्हा मी मोठ्याने “आई गं!” म्हणून ओरडलो.

तर बॅगेचा वाद मी जिंकला, असे समजून मी दिवा मालवला. अंधारात बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “अहो, त्या दिवशी तुम्ही जरा उशिराच ओरडलात.”

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच.

सकाळी उठून पाहतो तो खुर्ची रिकामी. निळे जोडे बॅगेत परत गेले होते आणि त्यांच्या शेजारी तसाच दुसरा, लहान मापाचा जोडा होता. तिचे पाय ठणठणीत आहेत. मी तिच्याकडे पाहिले. “मला एकटीला नाचणीच्या काढणीसारखं अनवाणी नाही चालायचं,” ती म्हणाली आणि चहा गाळायला निघून गेली. मी बॅगेची चेन ओढली.

कल्पेनीला बोट खारकच्छाच्या बाहेर उभी राहिली आणि आम्ही लहान होडक्यांत उतरलो. थेट मालवणची आठवण! पाण्याचा रंग मात्र फळ्यावरच्या कोणत्याही खडूने काढता आला नसता. पलीकडे तिलक्कम आणि पिट्टी ही इवली बेटे. बेटाच्या पूर्वेच्या काठाला प्रवाळाच्या तुकड्यांचा बांधच्या बांध पडलेला आहे. १८४७ च्या वादळाने समुद्रातून उपसून तो तिथे टाकला. असले तुकडे अनवाणी पायाने तुडवायला तात्याच हवेत.

कंबरभर पाण्यात आम्ही चालत होतो. जोडे घट्ट बसले होते, आणि मनात म्हटले, आता भीती कसली? ऐटीत मी एका तपकिरी खडकावर पाय टाकायला गेलो.

“चाचा, उधर नहीं!” बरोबरचा नावाडी पोरगा ओरडला. “वो जिंदा है!”

पाय हवेतच राहिला. तीस वर्षे शिकवलेला धडा ऐन वेळी मास्तरच विसरला होता. तो खडक म्हणजे हजारो इवल्या जीवांची वसाहत. चुनखडीचे घर बांधत ते राहतात, आणि असा गोलसर गड्डा वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. घमेल्याएवढा तो गड्डा माझ्या वयाचा तरी सहज असेल. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापला, तेव्हा इथले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडून मेले. त्यातून हा तगला होता, आणि मी त्याच्यावर सदुसष्ट वर्षांचा देह ठेवणार होतो. जोड्याने माझा तळवा राखला असता. त्या बिचाऱ्याला कोण राखणार? आणि पायाखाली काय चिरडले, याचा मला पत्ताही लागला नसता.

मग आम्ही चालण्याची नवी रीत बसवली. पाणी काचेसारखे होते. सौ. माझा हात धरून खाली पाही आणि सांगे, “डावीकडे वाळू आहे. आता थांबा. तो काटेरी गोळा जाऊ द्या.” मीही खाली मान घालून पाहू लागलो. एकेक पाऊल पाहून, विचारून टाकायचे. दहा पावलांना पाच मिनिटे लागली असतील. पण त्या पाच मिनिटांत मी जेवढे मासे पाहिले, तेवढे उभ्या जन्मात ताटातही पाहिले नव्हते.

घरी आल्यावर त्याच रात्री मी आरसा मागितला. तिने न बोलता आणून जमिनीवर ठेवला आणि माझ्या शेजारी बसली.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले. तुळशीपुढे कारीट फोडायचे होते. तेवढ्यापुरती चप्पल काढायची परवानगी मिळाली. सौ.ने आधी बॅटरीच्या उजेडात अंगण पाहून घेतले, मग माझा दंड धरला. मी डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट घेतले आणि दाबले.

“आजोबा, कळलं का पायाला?” नातवाने विचारले. त्याला घरातले सगळे ठाऊक असते.

“नाही रे,” मी म्हणालो. “पण फुटलेलं ऐकू आलं.”

आणि कारिटाची कडू बी मी जिभेला लावली.