सुवर्णभूमीच्या बेटांवर जाण्यापूर्वी

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची चित्रे आहेत. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, समुद्राचा वाराही न पोहोचणाऱ्या त्या डोंगरात पाचव्या शतकातील चित्रकारांनी ज्या राजपुत्राची कथा रंगवली, तो धन मिळवण्यासाठी जहाजाने सुवर्णभूमीला निघाला होता. भर समुद्रात जहाज फुटले. इतर प्रवासी आकांत करीत असताना महाजनकाने तूप-साखर पोटभर खाऊन घेतली, वस्त्रे तेलात भिजवून अंगाला घट्ट आवळली आणि तो डोलकाठीवर चढला. पुढे सात दिवस तो पोहत राहिला, तेव्हा कुठे मणिमेखला देवी त्याच्या मदतीला आली, असे जातक सांगते. देवी पावली ती नंतर. तयारी त्याने आधी केली होती.

बँकॉकच्या मुख्य विमानतळाचे नाव आज ‘सुवर्णभूमी’ आहे. यंदाच्या सुट्टीसाठी तुमच्या घरातही फुकेत, क्राबी किंवा समुई ही नावे निघाली असतील. अशा वेळी बहुतेक घरांत आधी सहलीचे पॅकेज ठरते आणि मग घरातली माणसे त्यात बसवली जातात. आजीचे गुडघे, आजोबांची साखर, पोहता न येणारा नातू, दुचाकी हाकण्यास उत्सुक असलेला तरुण मुलगा, या सर्वांचा विचार बॅगा भरताना होतो. आरोग्याच्या दृष्टीने हा क्रम उलटा हवा. आधी घरातील प्रत्येकाची प्रकृती, मग महिना, मग बेट आणि सर्वांत शेवटी हॉटेल.

महिना आणि किनारा

थायलंडच्या दक्षिण भागाला दोन किनारे आहेत. फुकेत, क्राबी, फी फी आणि लांता ही ठिकाणे पश्चिमेला, अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत. समुई, फांगन आणि ताओ ही बेटे पूर्वेला, थायलंडच्या आखातात आहेत. जो नैर्ऋत्य मोसमी वारा जूनमध्ये आपल्याकडे पाऊस आणतो, तोच मे ते ऑक्टोबर या काळात पश्चिमेकडील किनाऱ्याला झोडपतो. त्या दिवसांत आखातातील बेटे बरीचशी आडोशाला राहतात. मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्येकडून येणारा पाऊस त्यांना गाठतो आणि नोव्हेंबरात तो तेथे सर्वाधिक असतो.

आता हे गणित शाळेच्या सुट्ट्यांशी जुळवून पाहा. मे महिन्यात जायचे असेल, तर समुई बरे. दिवाळीच्या सुट्टीत समुई टाळावे. दिवाळी ऑक्टोबरात आली, तर फुकेतलाही पावसाचे शेवटचे दिवस असतात; नोव्हेंबरच्या मध्यानंतर तेथील समुद्र निवळू लागतो. नाताळच्या सुट्टीत पश्चिम किनारा उत्तम, पण गर्दी आणि खर्च दोन्ही चढे. घरात परीक्षा नसतील, तर फेब्रुवारी दोन्हीकडे सुखाचा. स्वस्त तिकिटामागचे कारण पुष्कळदा हा पाऊसच असतो. खवळलेल्या समुद्रात बोटी रद्द होतात आणि मुले चार दिवस खोलीत अडकतात.

बेटावर दवाखाना कोठे आहे?

फुकेत हे बेट पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले आहे. तेथे विमानतळ आहे आणि मोठी रुग्णालयेही आहेत. समुईला पूल नाही, परंतु विमानतळ व रुग्णालये आहेत. फी फी आणि ताओ ही बेटे लहान. तेथून गंभीर रुग्णाला हलवायचे, तर बोटीवर अवलंबून राहावे लागते आणि रात्री अथवा वादळात तीही सहज मिळत नाही. घरात हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया, दमा किंवा गर्भारपण असेल, तर मुक्काम मोठ्या बेटावर ठेवावा. लहान बेट समुद्र शांत असताना दिवसभरात पाहून परतता येते. वेगवान बोट लाटांवर जोराने आदळते, म्हणून गर्भवती स्त्रिया आणि पाठीचे दुखणे असलेल्यांनी तिच्याऐवजी मोठी, संथ फेरीबोट निवडावी.

प्रवास विमा घेताना दोन गोष्टी वाचून पाहा. आधीपासून असलेला आजार त्यात धरला आहे का आणि दुचाकीचा अपघात धरला आहे का. थायलंडमध्ये वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे भाड्याची स्कूटर घेण्याचा मोह होतो. पण त्या देशातील रस्ते-अपघातांत दुचाकीस्वारांचे बळी फार मोठे आहेत. दुचाकीसाठी वैध असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल, तर विमा कंपनी बहुधा हात वर करते. हा परवाना आपल्या आरटीओ कार्यालयातून मिळतो. तो नसेल, तर स्कूटरचा विषय घरीच संपवावा.

कूलर जिथे हरतो, तो उन्हाळा

मराठवाड्यातील माणसाला उन्हाचे भय सांगणे विचित्र वाटेल. मे महिन्यात ४०-४२ अंश सोसणाऱ्याला फुकेतचे ३३ अंश किरकोळ वाटतात आणि फसगत तेथेच होते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे. त्यामुळे कूलरचे पाणी वाऱ्यात उडून जाते आणि खोली थंड होते. मुंबईच्या दमट हवेत तोच कूलर निरुपयोगी ठरतो, कारण हवेत आधीच बाष्प भरलेले असते. आपले शरीरही घामाच्या कूलरवरच चालते. बेटावर घाम येतो, पण सुकत नाही. अंगातील पाणी व क्षार जातात आणि शरीर मात्र थंड होत नाही. थकवा, डोकेदुखी, पायात गोळे येणे, मळमळ ही त्याची लक्षणे आहेत. चालता चालता कोणी गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर ती उष्माघाताची खूण समजावी. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी.

म्हणून पहिले दोन दिवस शरीराला रुळू द्यावे. फिरणे सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर. मधला वेळ सावलीत, झोपेत किंवा पत्त्यांच्या डावात. ओआरएसच्या पुड्या सोबत असाव्यात. शहाळे उत्तम, परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तेथील किरणे अधिक सरळ पडतात. टोपी आणि लांब बाह्यांचे सुती कपडे हे सर्वांत भरवशाचे संरक्षण होय. प्रवाळांना घातक असलेली चार रसायने असलेले सनस्क्रीन थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून निषिद्ध आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही त्यांतील दोन. खरेदी करताना बाटलीवरील घटक वाचावेत.

पाण्याचा स्वभाव

जलतरण तलावात शिकलेले पोहणे उपयोगी आहे. मुलांना दोन महिने आधी शहरातील तलावावर जरूर पाठवावे. पण तलावाचे पाणी जागचे हलत नाही, समुद्राचे हलते. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. आधी किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे, मग परतावे. ते जमत नसेल, तर तरंगत राहून हात उंचावावा. पावसाळ्यात फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यांवर लाल झेंडे लागतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचे नाही, गुडघाभरही नाही. साडी किंवा सलवार-कमीज भिजली की जड होते आणि पायांत अडकते, त्यामुळे घरातील स्त्रियांसाठी पोहण्याचे अंगभर कपडे आधीच घ्यावेत. बोटीत लाइफ जॅकेट मांडीवर धरून बसू नये, ते अंगात घालावे.

पेटी-जेलीफिश हा विषारी प्राणी आखाती बेटांजवळ आढळला आहे. तेथील काही किनाऱ्यांवर त्यासाठी व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतील. दंश झाल्यास जागा चोळू नये, वाळू लावू नये. किमान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतावे आणि मदत मागवावी. तातडीच्या वैद्यकीय सेवेचा क्रमांक १६६९ आणि पर्यटक पोलिसांचा ११५५ आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने फुकेत व फी फीचे किनारे उद्ध्वस्त केले. त्यानंतर तेथे उंच जागेकडे जाणाऱ्या वाटांचे फलक लावण्यात आले. हॉटेलात पोहोचल्यावर मुलांसोबत तो फलक आणि ती वाट पाहून ठेवावी.

ताटात काय येईल?

शाकाहारी कुटुंबांनी ‘जे’ हा थाई शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. या अन्नात मांस, मासे, अंडी नसतातच, शिवाय कांदा आणि लसूणही नसतो. आपल्या चातुर्मासाची आठवण यावी अशी ही शिस्त आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फुकेतमध्ये या अन्नाचा नऊ दिवसांचा मोठा उत्सव असतो. एरवी भाजीच्या साध्या थाळीतही ‘नाम प्ला’ म्हणजे माशांचा रस असू शकतो, म्हणून ‘मै साइ नाम प्ला’, ‘माशांचा रस घालू नका’, एवढे वाक्य पाठ करावे. शेंगदाण्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी अधिक सावध राहावे, कारण तेथील अनेक पदार्थांत दाण्याचे कूट असते.

ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या मधुमेहींना तेथे तिन्ही त्रिकाळ भात समोर येतो. भात मोजका घेऊन भाज्या, टोफू आणि डाळी वाढवाव्यात. ग्लुकोमीटर सोबत न्यावा. धपाटे पहिल्या दिवसाच्या प्रवासापुरते ठीक, दमट हवेत ते टिकत नाहीत. फुटाणे आणि भाजलेले दाणे अधिक टिकाऊ.

कागद, औषधे आणि प्रवास

औषधे मूळ पाकिटात, इंग्रजी चिठ्ठीसह आणि हातातील बॅगेत असावीत. चिठ्ठीवर औषधाचे रासायनिक नावही लिहून घ्यावे. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकू नये आणि थेट बर्फावरही ठेवू नये. झोपेच्या गोळ्या तसेच कोडीन, ट्रामाडॉल यांसारख्या औषधांवर थायलंडमध्ये निर्बंध आहेत, त्यांचे नियम आधी तपासावेत. ई-सिगारेटला तेथे बंदी आहे. हिपॅटायटिस ए व टायफॉइडच्या लसीबद्दल महिनाभर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डेंग्यूचे डास तेथेही दिवसा चावतात. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी आणि तोवर पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नये.

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. त्याला शुल्क नाही. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाआधी ते अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत. आपल्या चिकलठाण्याहून थेट विमान नाही. मुंबईपर्यंतचा प्रवास, मध्यरात्रीची प्रतीक्षा आणि पुढचे उड्डाण मिळून पूर्ण एक दिवस जातो. ज्येष्ठांसाठी मुंबईत एक रात्र थांबण्याचा खर्च हा खर्च मानू नये. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा केवळ दीड तास पुढे आहे, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा सांभाळणे अवघड जात नाही.

फी फी बेटसमूहातील माया बे ही खाडी एका चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाली आणि पर्यटकांच्या लोंढ्याने तेथील प्रवाळ मरू लागले. २०१८ च्या जूनमध्ये थायलंडने ती बंद केली. २०२२ च्या जानेवारीत ती उघडली, तोवर तेथे शार्क परतले होते. आता दरवर्षी काही काळ तिला पुन्हा सुट्टी दिली जाते. तुमच्या सहा दिवसांच्या कार्यक्रमातही एक दिवस असाच रिकामा ठेवा. त्या दिवशी कोठेही जायचे नाही, काहीही पाहायचे नाही. आजीने सावलीत बसून लाटा मोजाव्यात, नातवंडांनी वाळूत खड्डे खणावेत आणि कोणीही घड्याळ पाहू नये.