शुश्रूषा हीही विद्याच

मुलगी डॉक्टर होणार म्हटले की आपल्या घरांत पेढे वाटले जातात. परिचारिका होणार म्हटले की, 'बरे झाले, नोकरी तर लागेल,' एवढ्यावर समाधान मानले जाते. आणि तिने पुढेही शिकण्याचा मनोदय सांगितला, तर वडीलधारी मंडळी बुचकळ्यात पडतात.

आमची एक माजी विद्यार्थिनी बी.एस्सी. नर्सिंग होऊन सुरतेत एका रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करते. अत्यवस्थ व अपघातग्रस्त रुग्णांच्या शुश्रूषेचा दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम करण्याची तिची इच्छा आहे. तिचे वडील धुळ्याकडून येऊन लूमवर राबलेले. ते मला म्हणाले, "सर, सुई टोचायला एवढं शिक्षण कशाला? दोन वर्षांचा पगार बुडेल, लग्नही लांबेल."

कष्टाने संसार उभारलेल्या माणसाचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मी त्यांना आपल्या सचिनचीच आठवण दिली. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे येथील औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाचा विषारी वायू पसरून सहा कामगार दगावले. वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रसायन कारखान्यातील आगीत किमान सात जण गेले. जुलै २०२४ मध्ये पाली येथे सहा मजली इमारत कोसळली. तेथेही सात बळी गेले.

गुदमरलेला, भाजलेला आणि ढिगाऱ्याखाली चिरडलेला, या तिघांची शुश्रूषा एकसारखी नसते. पहिल्याचे रसायनाने भिजलेले कपडे आधी उतरवावे लागतात, नाही तर शुश्रूषा करणाराच बाधित होतो. दुसऱ्याचे किती अंग भाजले हे पाहून सलाइनचे प्रमाण ठरते. तिसरा बाहेर काढल्यावर शुद्धीत बोलत असतो. परंतु चेचलेल्या स्नायूंतील पोटॅशियम रक्तात उतरून त्याचे हृदय अकस्मात थांबू शकते. एकाच वेळी वीस रुग्ण आले, तर लाल, पिवळी, हिरवी वा काळी खूण लावून कोणाला आधी हात लावायचा, हे क्षणांत ठरवावे लागते. ही निव्वळ सवयीने येणारी गोष्ट नव्हे. त्यामागे शास्त्र आहे.

रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हाही समाजाने नाके मुरडली होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले असता परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना सुरक्षित ठेवले. त्या रात्री धैर्याइतकेच प्रशिक्षित मन कामी आले, असे मला वाटते.

मी भाषेचा विद्यार्थी. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. रुग्णाचा श्वास, नाडी, अर्धवट शब्द ऐकावयाचे. आणि काय ऐकले ते कळण्यासाठी शिकावयाचे.

वडिलांनी अद्याप होकार दिलेला नाही, मात्र "अर्जाची शेवटची तारीख कोणती?" असे त्यांनी काल विचारले. वाचकहो, आपल्या घरातही अशी एखादी मुलगी असेल. लग्नाची बोलणी करताना तिच्या या दोन वर्षांचाही विचार व्हावा, एवढीच विनंती.