आमच्या घोडेस्वारीच्या बाई

आमच्या मुलांना, आणि पुढे आम्हालाही, घोड्यावर बसावयास शिकविणाऱ्या बाई या फेब्रुवारीत अकस्मात निवर्तल्या. आदल्या शनिवारी त्यांनी नेहमीप्रमाणे दिवसभर तासिका घेतल्या होत्या. बुधवारी पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय अवघे ६१. आजाराची कसलीही पूर्वसूचना नव्हती. त्या बौद्ध नव्हत्या आणि आपल्या चळवळीशी त्यांचा काही संबंधही नव्हता. तरीही त्यांनी आपल्या लेकरांना जे दिले त्याची नोंद आपल्या भाषेत, आपल्या लोकांत व्हावी, असे आम्हा चार कुटुंबांना वाटले. म्हणून हे लेखन.

रेडिंगपासून काही मैलांवरील एका खेड्यात त्यांची घोडेस्वारीची शाळा होती. लाकडी तबेले, वाळूचे एक रिंगण, चौदा घोडी व तट्टे, आणि वर्षाचे आठ महिने चिखलाने भरलेले आवार, एवढाच त्या शाळेचा पसारा. इंग्रजी रीतीप्रमाणे लहानथोर सारे त्यांना नुसत्या नावाने हाक मारीत. आमच्या जिभेला ते जमेना. शिकविणाऱ्या स्त्रीला आपण बाई म्हणतो. मुलांनीही तीच हाक उचलली. पहिले काही आठवडे बाईंना वाटत होते की ही मुले आल्या आल्या ‘बाय’ म्हणून निरोप का घेतात! अर्थ समजल्यावर त्या मनापासून हसल्या आणि पुढे आमच्याशी बोलताना स्वतःचा उल्लेखही ‘बाई’ असाच करू लागल्या.

मुलांना तेथे घालावे की नाही, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. पोहणे शिकवावे, बुद्धिबळ शिकवावे, इथवर सर्वांचे एकमत होते. घोडा म्हटला की मात्र मनात निराळेच काही जागे होई. घोडा सरदारांचा, पाटलांचा. आमच्या आजोबांच्या पिढीत कित्येक गावांत आपल्या नवरदेवाची घोड्यावरची वरात वेशीतून जाऊ दिली जात नसे. ही केवळ जुनी गोष्ट आहे असेही नाही. मार्च २०१८ मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील टिंबी गावी प्रदीप राठोड या २१ वर्षांच्या दलित तरुणाची हत्या झाली. त्याने घोडा घेतला होता व त्यावर बसून तो फिरत असे, हेच गावातील काहींना खुपत होते, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. ती बातमी आम्ही येथे इंग्लंडमध्ये बसून वाचली होती. त्यामुळे आपल्या मुलीने रिकिबीत पाय घालणे ही आमच्यासाठी केवळ शनिवारची करमणूक असू शकत नव्हती. बाईंना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी विचारल्या: मुलांचे वजन आणि डोक्याचे माप.

पहिल्या तासिकेत कुणालाही घोड्यावर बसविले जात नसे. आधी घोड्याकडे जावे कसे, हे शिकावयाचे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असतात. नाकासमोरचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. मग खरारा करणे, खूर उचलून त्यातील खडे काढणे, खोगीर चढविणे, तंग आवळणे. आणि या सर्वांच्या आधी व नंतर तबेला झाडणे.

या शेणकामावरून एक प्रसंग घडला. आमच्यापैकी एका कुटुंबातील आजोबा नागपूरहून आले होते. नात घोड्यावर बसलेली पाहावी म्हणून ते हौसेने आले, आणि पाहतात तो ती ढकलगाडीतून लीद वाहून नेत आहे. त्यांचा चेहरा उतरला. ‘हे करायला लागू नये म्हणून आम्ही शिकलो,’ एवढेच ते बोलले. आम्हाला काय उत्तर द्यावे ते सुचेना. मेलेली ढोरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडून द्या, असे बाबासाहेबांनी महाडला १९२७ साली बजावले होते, आणि ज्यांच्या घरांनी ते ऐकले त्यांतील हे आजोबा. तेवढ्यात पलीकडच्या तबेल्यातून स्वतः बाई हातात फावडे घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग एक मोठे सर्जन आपली गाडी ढकलीत आले, त्यांच्या मागे एका वकिलांची मुलगी. बाईंच्या शाळेचा एकच नियम होता: ज्याने घोडा वापरला त्याने घोड्याचे करावे. आजोबा बराच वेळ पाहत राहिले. परतताना ते म्हणाले, ‘काम सगळ्यांचे असले म्हणजे त्यात बट्टा नसतो. आपल्याकडे ते जन्मावरून नेमून दिले, तिथे घात झाला.’ पुढील शनिवारी आजोबांनी स्वतः गमबूट मागितले.

मराठीत ‘पक्की मांड’ असा शब्दप्रयोग आहे. ती मांड म्हणजे काय, हे आम्हाला बाईंच्या रिंगणात कळले. गुडघ्यांनी घोडा आवळून धरणारा लवकर पडतो, असे त्या सांगत. टाचा खाली, पाठ सरळ, वजन बैठकीत. दुडकी चाल सुरू झाली की तिच्या तालावर उठावे व बसावे. ताल चुकला तर घोड्याच्या पाठीवर आदळतो आपण, आणि दुखते त्यालाही. लगाम चिमणीचे पिल्लू धरल्याप्रमाणे धरावा, सुटू नये आणि चिरडूही नये. ‘कुंपणाकडे पाहाल तर कुंपणावरच जाल,’ हे तर दर तासिकेला दहा वेळा ऐकावे लागे. कुणी पडले तर बाई धावत येत नसत, चालत येत. धावल्याने घोडी बिथरतात आणि मूल घाबरते. त्या शेजारी वाळूत बसत, श्वास घ्यावयास सांगत, कुठे दुखते ते विचारीत, आणि सारे ठीक असेल तर दोन पावले का होईना, पुन्हा घोड्यावर बसवीत. कुणाची थट्टा नाही, कुणाची विशेष सरबराई नाही. ज्या आवाजात त्या सर्जनसाहेबांना ‘टाच खाली’ म्हणत त्याच आवाजात आमच्या मुलांना म्हणत. आपल्याकडे कितीएक मुलांनी शाळेत निराळा आवाज ऐकलेला आहे. हा सारखा आवाज आमच्या कानांना फार मोठा वाटला.

एका रविवारी आमच्या अभ्यासवर्गात बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मधील चाळीसगावची हकीकत वाचली गेली. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. चाळीसगाव स्टेशनवरून वस्तीत जावयास टांगा हवा होता. परंतु अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. पाहुण्याला पायी नेणे वस्तीतील लोकांना प्रशस्त वाटेना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला. नदीवरील पुलावर चाक दगडात अडकले, बाबासाहेब खालच्या फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा व टांगा नदीत कोसळले. वाचन संपल्यावर आमची तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘पण त्यांना कुणी शिकविलेच नव्हते ना?’ आम्ही ही हकीकत अनेकदा वाचली होती. टांगेवाल्यांच्या उद्दामपणाकडे आमचे लक्ष जाई, बाबासाहेबांच्या वेदनेकडे जाई. लगाम धरणाऱ्या त्या माणसाकडे तिने आमचे लक्ष वेधले.

तिने ती गोष्ट शनिवारी बाईंनाही सांगितली. बाईंनी सारे ऐकून घेतले. अरेरे, किती वाईट, असे काही त्या म्हणाल्या नाहीत. इंग्लंडमध्ये मुलांना घोडेस्वारी शिकविणाऱ्या पोनी क्लबची स्थापनाही १९२९ सालीच झाली, एवढे मात्र त्यांनी हलक्या आवाजात सांगितले. त्यांच्या आईचे शिक्षण त्याच क्लबात झाले होते. त्यानंतर उन्हाळा लागताच त्यांनी अडगळीतून एक जुनी दोनचाकी गाडी काढली, चाकांना वंगण दिले, आणि आमच्या थोरल्या मुलांना व आम्हा पालकांना ती हाकावयास शिकविले. लांब लगाम दोन्ही हातांत कसा खेळवावा, वळताना चाक किती जागा घेते, घोडा बुजला तर आवाजाने कसा सावरावा. शेवटी त्यांनी दोन खांब पुलाच्या कठड्यांसारखे जवळ जवळ उभे केले आणि त्यांना न शिवता गाडी पलीकडे नेण्यास सांगितले. कशासाठी, हे कुणी बोलले नाही. त्या दिवशी आमच्यापैकी सहा जणांनी गाडी खांबांतून पार नेली. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या आमच्या हातांना दोन दिवस लगामाचे वळ होते.

बाई गेल्याचा निरोप त्यांच्या बंधूंनी कळविला. आपल्याकडे अंत्यविधी दुसऱ्या दिवशी उरकतो; येथे तीन आठवडे वाट पाहावी लागली. त्या मधल्या रविवारी आमच्या वंदनेच्या वेळी बाईंचे छायाचित्र ठेवून त्रिसरण-पंचशील घेतले, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो. आपल्या वंदनेत एका परक्या बाईंचे छायाचित्र कशासाठी, असा प्रश्न एका ज्येष्ठांनी विचारला. तो रास्तच होता. उत्तर दुसऱ्या ज्येष्ठांनी दिले. जून १९५२ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी स्वीकारण्यास निघाले तेव्हा आपले गुरू जॉन ड्युई यांना भेटण्याची त्यांना ओढ होती. ते वाटेत असतानाच ड्युई वारले. आपली बौद्धिक घडण ज्यांची ऋणी आहे ते गेले, याचे दुःख बाबासाहेबांनी माईसाहेबांना पत्रातून कळविले. गुरू कोणत्या देशाचा, हे त्यांनी कधी पाहिले नाही.

बुद्धवंदनेत आपण तथागतांना ‘पुरिसदम्मसारथि’ म्हणतो, माणसांना वळण लावणारा सारथी. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या घोडे शिकविणाऱ्याशी झालेला भगवंतांचा संवाद आहे. केसी सांगतो, मी काही घोडे मृदूपणे शिकवितो, काही कठोरपणे, काही दोन्ही प्रकारे. ज्याला वळण लागतच नाही त्याला मारून टाकतो. भगवंत म्हणतात, मीही माणसांना असेच शिकवितो. आणि ज्याला वळण लागतच नाही त्याला उपदेश करणे सोडून देतो, तेच माझ्या शासनात त्याचे मरण. ते सूत्र त्या रविवारी वाचले तेव्हा एका जातीला शिकविणेच सोडून दिले जाते म्हणजे काय होते, याचा अर्थ आम्हास नव्याने लागला. इथे तर वळण लागते की नाही हे पाहिलेदेखील गेले नव्हते. बाईंनी कुणालाच सोडून दिले नाही. आमच्यातील सर्वांत भित्रा मुलगा अकरा शनिवार केवळ घोड्याशेजारी उभा राहिला. बाराव्या शनिवारी तो बसला.

शाळा आता त्यांचे बंधू चालवितात. चाळीसगावविषयी प्रश्न विचारणारी आमची मुलगी सोळा वर्षांची झाली आहे. शनिवारी सकाळी ती लहानग्यांच्या तट्टांची दोरी धरून रिंगणात चालते. परवा एक नवीन आलेली मुलगी घाबरून कुंपणाकडेच पाहत होती. आमच्या मुलीने तिला जे सांगितले, ते बाईंच्याच आवाजात, त्याच शब्दांत.

बाईंच्या स्मृतीस आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन. त्यांच्या निमित्ताने आमच्या हातून जे काही कुशल कर्म घडेल त्याचे पुण्यानुमोदन त्यांना असो. भवतु सब्ब मंगलं. जय भीम.