हाडाची इंजिनीअर

'हाडाचा कलाकार' असतो ना, तशी मी हाडाची केमिकल इंजिनीअर. अगदी शब्दशः! नागपूरच्या एलआयटीतून डिग्री घेतली आणि पहिली नोकरी लागली ती हाडांपासून ऑसीन काढणाऱ्या कारखान्यात. विदर्भाला हा धंदा नवा नाही, बल्लारपूरजवळच्या बामणीत 'बामणी प्रोटीन्स' याच कामासाठी उभी राहिली होती. पण आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद! स्थळं यायची तेव्हा आई सांगायची, ''मुलगी फार्मात आहे.''

तसं ते खोटंही नव्हतं. खाटीकखान्यातून आलेल्या हाडांचा चुरा करायचा, गरम पाण्याने चरबी काढायची आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काही दिवस ठेवायचा. कॅल्शियम फॉस्फेट विरघळतं, उरतं ते ऑसीन. दिसायला हाडच, पण रबरासारखं वाकतं. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी सॉलिड चाट पडले होते! ॲसिडच्या पाण्यात चुना घातला की डायकॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं, ते कोंबड्यांच्या खाद्याला. फुकट काही जात नाही, बॉस. ऑसीन मग चुन्याच्या पाण्यात कित्येक आठवडे मुरतं आणि धुऊन, गरम पाण्यात शिजवलं की जिलेटिन. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलवर तेच होतं. तुमच्या बहुतेक कॅप्सूलचं कवचही त्याचंच. (वासाबद्दल विचारू नका. ऑफिसचे कपडे घरी वेगळे भिजायचे.)

आणि एक दिवस डॉक्टरांनी आजीला कॅप्सूल दिल्या. तिने एक उजेडात धरली. ''कायचं असते गं हे वरचं?''

आई माझ्याकडे बघत होती. वडापावच्या पाकिटावर हिरवा ठिपका सापडेल, पण औषधांवर तशी खूण बंधनकारक नाही. 'प्लास्टिकसारखं काहीतरी' म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण तिने मला विचारलं होतं, दुसऱ्या कोणाला नाही. मी सांगितलं. हाडापासून.

आजीने कॅप्सूल वाटीत ठेवली. ''मंग फोडून आतलं दे.'' तेही बरोबर नव्हतं. काही औषधं पोटात कुठे आणि कधी सुटावीत हे कवचच ठरवतं. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तेच औषध सिरपमध्ये लिहून दिलं. वनस्पतींच्या सेल्युलोजची कवचंही मिळतात, पण तिच्या औषधाला ती नव्हती.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आजी मात्र बोलते, जरा जास्तच! परवा भाच्याच्या वाढदिवसाच्या जेली तिने ताटातून उचलून माझ्यापुढे ठेवल्या. ''वाच.''

पेक्टिन होतं. फळांचं. तिने दोन खाल्ल्या.