घाटमाथ्यावरचे शिकारी (भोर-वेल्ह्याची दैनंदिनी : भाग दुसरा)

६ सप्टेंबर, भोर
दिवस एस.टी.त आणि पावसात गेला. नीरेला गढूळ पाणी आहे. उद्या रायरेश्वर.

७ सप्टेंबर, रायरेश्वर
कोर्ल्याहून खिंडीत आणि तिथून लोखंडी शिडीने वर. वर जंगम मंडळींची घरं आणि महादेवाचं देऊळ. १६४५ साली शिवरायांनी इथेच स्वराज्याची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. दर्शन घेऊन पठारावर निघालो.

सोनकी आणि तेरडा लांबूनच दिसतात. मी ज्यांच्यासाठी आलो ती झाडं मात्र वाकल्याशिवाय दिसत नाहीत. कातळावर बोटभर माती आणि तिच्यातून सतत झिरपणारं पाणी, अशा जागी सीतेची आसवं फुलली होती, जांभळी, दाट. त्यांचा सगळा कारभार मातीखाली चालतो. या झाडाला खरी मुळं नसतात. चिखलात पसरलेल्या धाग्यांवर मोहरीपेक्षाही लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, तिच्या भिंती आत ओढल्या जातात, आतला दाब कमी होतो. तोंडाशी झडप आणि झडपेवर केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप आत उघडते, पाण्यासकट तो ओढला जातो आणि झडप मिटते. हे सगळं सेकंदाच्या अगदी लहान अंशात! वर फुलावर मधमाश्या निर्धास्त बसतात, कारण परागीभवनासाठी त्या हव्याच असतात.

थोडं पुढे दवबिंदू सापडला. अरुंद पानं, त्यांवर तांबडे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर चिलट अडकलं होतं, भोवतालचे केस त्याच्यावर कलले होते. पाचक रस मऊ भाग विरघळवतात, कवच तेवढं उरतं. दवबिंदूच्या युरोपातल्या भाईबंदांवर चार्ल्स डार्विनने वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. साखर, स्टार्च, तेल दिलं तर पान ढिम्म राही. दूध, मांस, अंड्याचा पांढरा भाग दिला की केस वळत. पानाला ओढ होती नत्राची. घाटमाथ्यावरचा धुवांधार पाऊस कातळावरच्या मातीतलं नेमकं तेच धुऊन नेतो. पानं सूर्यप्रकाशात अन्न तयार करतातच, शिकार फक्त ही तूट भरून काढते.

दुपारी एका घरी पिठलं-भाकरी. फुलांचा विषय निघाला तेव्हा मावशी म्हणाल्या, "पानी आटलं की जात्यात बघा ती. मागमूस ऱ्हात न्हाई." त्यांचं निरीक्षण अचूक आहे. यांचं आयुष्य एका पावसाळ्याचं, पुढचा पावसाळा बियांचा.

८ सप्टेंबर, केळद
नसरापूर, मार्गासनी, वेल्हे करत केळदला. मढे घाटाच्या तोंडाशी धुकं. पाझरत्या कड्यावरच्या शेवाळात सीतेच्या आसवांची आणखी एक जात दिसली. नखाहून लहान गोल पानं, फिकट फुलं. ही जात आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंतच्या ओल्या खडकांवर आणि शेवाळलेल्या खोडांवर वाढते. शिकारी झाडं म्हटली की बोर्निओच्या वर्षावनातले, घटासारख्या पानांत कीटक पकडणारे मोठे घटपर्ण सगळ्यांना चित्रांतून ठाऊक असतात. भारतात घटपर्णाची एकच जात आहे, तीही मेघालयाच्या बाजूला. पण नत्राच्या ज्या गरजेतून ते घट घडले, त्याच गरजेतून इथल्या पिशव्या घडल्या, आणि त्या पुण्याहून एका दिवसात गाठता येतात. मला त्या घटांइतक्याच थोर वाटतात.

परतताना कातळावर गाडीच्या चाकांचे ताजे ओरखडे दिसले आणि जीव कळवळला. निसटलेला बोटभर मातीचा थर पुन्हा साचायला फार काळ लागतो. वाचकहो, या महिन्यात रायरेश्वरला किंवा मढे घाटात जाल तर गाडी रस्त्यावरच ठेवा, ओल्या कातळावर तंबू ठोकू नका, मळलेली पायवाट सोडू नका आणि फूल पाहायचं तर गुडघ्यावर बसून पाहा, खुडू नका.